पात्यावरचा मुकुट आणि पाच लाखांचा फॉरवर्ड

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ठिकाणांहून आला. घरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी भाऊकाकांनी पर्सनलवर पाठवला, खाली लिहिलेलं "तुला यातलं कळतं ना, बघ बरं, आपल्याकडे बाबांचा आहे तो." ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरात जुना घडीचा चाकू असेल तर फेकू नका, तुम्ही लखपती आहात. पात्यावर मुकुट असेल तर तो ब्रिटिश राजघराण्यातला. इंग्लंड लिहिलं असेल तर १८५७ च्या आधीचा. नंबर असेल तर तो सिरियल नंबर, जितका लहान तितका चाकू जुना. लोहचुंबक चिकटला तर जुनं अस्सल पोलाद, नाही चिकटला तर आजकालचं स्टेनलेस. मुठीच्या टोकाला पांढरा धातू म्हणजे चांदी. पांढरी मूठ म्हणजे हस्तिदंत, खात्री करायला सुई तापवून टोचा. लाल मूठ आणि क्रॉस म्हणजे स्विस सैनिकाचा. अँटिक असल्याने जवळ बाळगायला कायद्याची अडचण नाही. काळं पडलेलं पातं लिंबू-मीठ लावून चकचकीत करा, किंमत दुप्पट. आणि पाच लाखांच्या खाली कोणाला देऊ नका.

आता मी काही म्युझियमवाला नाही. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या लाइनमध्ये आयुष्य गेलं आणि शुक्रवारी पहाटे चोर बाजारात जुम्याचा बाजार भरतो तिथे टॉर्च घेऊन उकिडवं बसायची बारा-पंधरा वर्षांची सवय आहे, त्यातून पन्नासेक घडीचे चाकू जमलेत, बायको त्याला भंगार म्हणते आणि तिचं अगदीच चूक नाही. पण हा मेसेज नुसता चुकीचा असता तर सोडून दिलं असतं. यातला एक सल्ला ऐकला तर चाकू कायमचा बिघडतो आणि एक ऐकला तर हात भाजतो, म्हणून बसून टाइप करतोय.

सुरुवात लिंबू-मिठापासून करतो, कारण बाकीच्या चुका नंतर सुधारता येतात, ही येत नाही. ज्यांच्या घरी आजीची विळी होती त्यांनी जरा ते पातं आठवा. काळपट, मध्येच निळसर, धारेपाशी तेवढी एक पांढरी रेघ. ते गंजलेलं होतं का? नाही, त्यावर वर्षानुवर्षं कैऱ्या आणि कांदे चिरले गेले होते. साध्या कार्बनच्या पोलादाला आंबट लागलं की ते काळवंडतं, वर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, आणि तो थर बसला की तांबड्या गंजाला शिरायला थोडी अडचणच होते. जुन्या चाकूचं पातं राखाडी-निळं दिसतं ते हेच, जमवणारे लोक याला पॅटिना म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. तांबडा गंज वेगळा. तो बोटाला लागतो, त्याचे खवले निघतात, खाली खड्डे पडतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपाटात सुद्धा लागतो. तो काढायचा, पण शिलाई मशीनचं तेल लावून दोन दिवस तसंच ठेवून, मग सगळ्यात बारीक नंबरच्या स्टीलवूलने, हलक्या हाताने, तांबडं गेलं की थांबायचं. काळ्याला हात लावायचा नाही. लिंबाचा रस तर सांध्यात शिरतो आणि मीठ आत राहतं, वरून चाकू चमकतो आणि आतून पिन सडते.

आमच्याच मजल्यावर एका आजोबांकडे रॉजर्सचा चाकू होता. शेफील्ड म्हणजे इंग्लंडमधलं चाकू-सुऱ्यांचं शहर, तिथली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, एकेकाळी जगातलं एक मोठं नाव, तारा आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण, ती त्यांना १७६४ मध्ये मिळाली. मी तो चाकू दोनदा हातात घेतला होता, मागायची हिंमत झाली नव्हती. मुलाने हौसेने बफिंगला, म्हणजे मशीनच्या चाकावर घासून चमकवायला दिला, वडिलांच्या पंच्याहत्तरीला सरप्राइज. परत आला तो आरशासारखा, चेहरा बघा. आणि तारा-क्रॉस जिथे होता तिथे काहीही नाही, भिंगातून नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी, ती सुद्धा माहीत असेल तरच दिसतील अशी. छाप किती खोल असतो हो? केसाच्या जाडीचा खेळ आहे. बफचं चाक फिरलं की आधी तोच जातो, मग पात्याच्या कडा गोल होतात, मग चाकू कोणाचाच राहत नाही. आजोबा काही बोलले नाहीत, मुलाला बरं वाटावं म्हणून शोकेसमध्ये ठेवलाय.

म्हणजे बघायचं कुठे, तर पात्याच्या मुळाशी. पातं उघडलं की मुठीला लागून एक बिनधारेचा चौकोनी भाग असतो, त्याला टँग म्हणतात, नव्वद टक्के कहाणी तिथे लिहिलेली असते, दोन्ही बाजूंना बघा, आणि दोन-तीन पाती असतील तर प्रत्येकाच्या मुळाशी बघा. पुसट असेल तर टॉर्च आडवा धरायचा, समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही. तरीही नाही दिसलं तर खडूची पूड बोटाने हलकी चोळायची, अक्षरं पांढरी उठतात. रांगोळी घेऊ नका, ती दगडाची पूड, ओरखडे पडतील. (एकाने घेतली होती म्हणून सांगतो. मीच तो.)

आता मुकुट. मुकुट दिसला की राणीच्या पर्समधून पडलेला चाकू, असं काही नसतं. शेफील्डच्या बड्या कंपन्यांना राजघराण्याला माल पुरवण्याचा परवाना मिळायचा, रॉजर्सना तो चौथ्या जॉर्जच्या काळात १८२२ मध्ये मिळाला, मग ते मोठ्या अभिमानाने प्रत्येक पात्यावर राजाची अक्षरं आणि मधे मुकुट ठोकायचे, दुकानाच्या पाटीवर लिहितात तसं. तो चाकू विकत घेणारा फोर्टातला कारकूनही असू शकतो. पण या अक्षरांचा एक उपयोग आहे जो मेसेजवाल्याला माहीतच नाही. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ ते १९०१. ई आणि आर असेल तर बहुतेक सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आणि आर असेल तर जरा घोळ, कारण पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत आणि मग सहावा जॉर्ज १९५२ पर्यंत, दोघांची अक्षरं तीच, आणि त्याच्या कितीतरी आधी चौथा जॉर्जही होताच, तेव्हा मूठ, पोलाद, बाकीचं लिखाण बघून ठरवावं लागतं. शिवाय कितीतरी कंपन्यांनी नुसता शोभेला मुकुट ट्रेडमार्क म्हणून घेतलाय, जर्मनांनी सुद्धा. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या चाकूवर हाताच्या चित्रावर मुकुट असतो, १९०९ पासून, तो त्यांच्या गावाकडच्या चिन्हावरून घेतलेला आहे, लंडनचा काही संबंध नाही.

आणि एक मुकुट खरंच मौल्यवान असतो, तो या मेसेजमध्ये नाहीच. फळं कापायचे छोटे घडीचे चाकू असायचे, पातंच चांदीचं, कारण लोखंडी पात्याने सफरचंदाची चव बिघडते. त्या पात्यावर ओळीने बारीक छाप असतात, चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, एक अक्षर म्हणजे वर्ष, आणि मुकुट असेल तर शेफील्डच्या तपासणी कार्यालयाचा छाप. हे कार्यालय १७७३ मधलं, मुकुट त्यांनी १९७४ पर्यंत वापरला आणि १९७५ पासून गुलाब. हा असा चाकू बोटाएवढा असतो, मूठ शिंपल्याची, आणि लोकं खेळणं समजून पोरांना देतात.

इंग्लंड लिहिलं म्हणजे १८५७ च्या आधीचा, हा तर माझा सगळ्यात आवडता मुद्दा, कारण बरोब्बर उलटा आहे. देशाचं नाव मालावर छापायची गरज पडली तीच मुळात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. जर्मनीतून येणाऱ्या चाकूंवर इंग्लिश वाटतील अशी नावं टाकून माल खपवला जायचा, शेफील्डवाले चिडले, १८८७ मध्ये ब्रिटनने मर्चंडाइज मार्क्स कायदा केला, आपल्याकडे त्याचंच भावंड १८८९ मध्ये आलं, आणि अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ या जकातीच्या कायद्यात सांगितलं की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच, ते १८९१ पासून लागू. त्याच्या आधी शेफील्डचा कारागीर नुसतं शेफील्ड लिहायचा, ते कुठे आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं. म्हणून इंग्लंड दिसलं की साधारण १८९० च्या अलीकडे यायचं, मेड इन इंग्लंड असं पूर्ण दिसलं की आणखी अलीकडे, विसाव्या शतकात. पक्का नियम म्हणून नको, अंदाज म्हणून धरा. आणि नुसतं कंपनीचं नाव बघून जुना समजू नका, रॉजर्स १९७१ मध्ये वॉस्टनहोमबरोबर एक झाली आणि पुढे ते नाव दुसऱ्यांच्या हातात गेलं, त्या नावाने नवे चाकू अजून निघतात.

देशाच्या नावावरून चोर बाजारातला किस्सा. एका विक्रेत्याने मला चाकू दिला, "साहब, पहले वर्ल्ड वॉर का, अंग्रेज अफसर का." मी मुळाशी बघितलं तर वेस्ट जर्मनी. म्हटलं भाई, हा देश जन्माला आला १९४९ मध्ये आणि १९९० मध्ये संपला, पहिलं महायुद्ध त्याच्या तीस वर्षं आधी आटपलं. तो म्हणाला "फिर दूसरे का होगा." चहा पाजला त्याने. चाकू मी घेतला, झोलिंगेनचा होता, म्हणजे जर्मनांचं शेफील्ड, उत्तम पोलाद. मेड इन ऑक्युपाइड जपान असं दिसलं तर अजून सोपं, अमेरिकन ताब्यातल्या जपानची ती वर्षं, लढाई संपल्यापासून १९५२ पर्यंत. जर्मन चाकूंवर डी आर जी एम अशी चार अक्षरं असतात, त्याला लोकं मॉडेलचं नाव समजतात, ते डिझाइनची नोंदणी झाल्याचं चिन्ह आहे, १८९१ ला सुरू झालं आणि जर्मन राइश कोसळेपर्यंत चाललं. असे छाप मुकुटापेक्षा शंभरपट कामाचे, दिसायला मात्र कंटाळवाणे.

नंबरचं पटकन आटपतो. सिरियल नंबर खिशातल्या चाकूंवर क्वचितच असतो. ओपिनेलवरचा आठ हा आकार आहे, १८९७ मध्ये त्यांनी एक ते बारा असे आकार ठरवले, चपलेच्या नंबरसारखे, सहा नंबर हा आठ नंबरचा आजोबा नव्हे. अमेरिकेच्या केस कंपनीच्या चाकूवर ६३१८ असं काहीतरी दिसेल, त्यात पहिला आकडा मुठीचं मटेरियल, दुसरा पात्यांची संख्या, उरलेला नमुना. सहा म्हणजे हाडाची मूठ, तीन म्हणजे तीन पाती. केसवाल्यांनी १९७० पासून तर छापाखाली ठिपके द्यायला सुरुवात केली, दहा ठिपके आणि दरवर्षी एक कमी, म्हणजे ठिपके मोजले की वर्ष कळतं. आपल्याकडे हे कमी सापडतात, पण मला एक मिळालाय, ठिपके सात, करा हिशोब.

लोहचुंबक. चाकूच्या पात्याला धार धरायची तर पोलाद कडक करावं लागतं आणि तसं कडक केलेलं पोलाद, स्टेनलेस असो की साधं, चुंबकाला चिकटतंच. तुमच्या किचनमधल्या स्टेनलेस सुरीला लावून बघा आत्ता. न चिकटणारं स्टेनलेस म्हणजे डब्या-वाट्यांचं, त्याला धार टिकत नाही. चुंबकाचा उपयोग आतल्या पट्ट्यांना होतो, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधे ज्या पातळ पट्ट्या असतात त्या पितळेच्या की लोखंडाच्या ते कळतं. वयासाठी बघायचंच असेल तर पात्यावर स्टेनलेस किंवा त्याचं जर्मन रोस्टफ्राय असं लिहिलंय का बघा, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद ओतलं १९१३ मध्ये. आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला, "पणजोबांचा, १८५७ च्या लढाईतला", पात्यावर स्टेनलेस. मी काही बोललो नाही, त्याचा वाढदिवस होता.

मुठीच्या टोकाच्या चांदीचं तर एका ओळीत, ते जर्मन सिल्व्हर आहे, तांबं, निकेल आणि जस्त, नावात सोडून चांदी कुठेच नाही. लग्नात रुखवताला ठेवायच्या ताटांत जे असतं तेच.

हस्तिदंताला मात्र थांबायला हवं. तापलेली सुई टोचायचा सल्ला देणारा माणूस मला भेटला तर मी त्याला आधी कापूर पेटवून दाखवेन. जुन्या चाकूंच्या पांढऱ्या, पिवळट, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड म्हणजे काय, तर कापूस आणि नायट्रिक ॲसिडपासून केलेलं नायट्रोसेल्युलोज आणि त्यात मिसळलेला चक्क कापूर, आपल्या आरतीतला. १८७० च्या आसपास अमेरिकेत हायट नावाच्या माणसाने ते आणलं तेच मुळात बिलियर्डचे हस्तिदंती बॉल महाग पडतात म्हणून. जुन्या सिनेमाची नायट्रेट रिळं भडकायची ती याच जातीची. त्याला लाल सुई टोचायची म्हणजे मूठ तुमच्या हातात पेटणार. ओळखायला फार सोपं आहे, अंगठा जोरात घासून मूठ गरम करा आणि हुंगा, कापराचा वास आला की संपलं. आणि एकदा सेल्युलॉइड आहे कळलं की तो चाकू बाकीच्यांपासून वेगळा, हवा लागेल असा ठेवा, कारण ते म्हातारं झालं की त्यातून ॲसिडची वाफ सुटते आणि शेजारच्या चांगल्या चाकूंना गंज चढतो. माझे दोन गेले असे, एकाच डब्यात होते.

हाड असेल तर भिंगातून बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या दिसतात, त्या रक्त वाहायच्या वाटा. खऱ्या हस्तिदंतात ते ठिपके नसतात, आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते, आणि नकली हस्तिदंतात रेघा इतक्या सरळ आणि सारख्या असतात की शाळेच्या वहीची आठवण यावी. खरा हस्तिदंत निघालाच तर उड्या मारू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याची खरेदी-विक्री करता येत नाही, पाच लाख सोडा, पाच रुपयालाही नाही.

यात एक गंमत आहे जी मला सगळ्यात आवडते. शेफील्डच्या भारी चाकूंची मूठ खडबडीत तपकिरी असते, त्याला ते स्टॅग म्हणतात, आणि आपली लोकं "विलायती हरणाचं शिंग" म्हणून कौतुकाने बघतात. ते बरेचदा आपलं सांबरशिंग आहे. आजी पोराच्या छातीत कफ झाला की सहाणेवर उगाळून लावायची, तेच. युरोपातल्या हरणांच्या शिंगाला आत पोकळ गर जास्त, सांबराचं शिंग भरीव, म्हणून इथून गोण्याच्या गोण्या जहाजाने शेफील्डला जायच्या आणि त्यातले काही चाकू होऊन परत याच बंदरात उतरायचे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सांबर अजून आहेत, शिंगं दरवर्षी गाळतात, पण गळलेलं शिंग सापडलं तरी उचलून आणू नका, ते सुद्धा त्याच कायद्यात येतं.

लाल मूठ आणि क्रॉस. स्विस सैनिकाला लाल प्लास्टिकचा, बूच काढायच्या स्क्रूवाला चाकू सैन्याने कधी दिलाच नाही. सैनिकाचा पहिला चाकू १८९० च्या मॉडेलचा, गडद लाकडी मूठ, एक पातं, एक टोचा, डबा उघडायचं हत्यार आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर, आणि त्याची पहिली खेप तर झोलिंगेनच्या जर्मन कंपनीने बनवली, कारण स्वित्झर्लंडमध्ये तेवढ्या प्रमाणात बनवणारं कोणी नव्हतं. मग कार्ल एल्सेनरने १८९१ पासून इबाख गावातून पुरवठा सुरू केला. त्यानेच हलका, स्क्रूवाला, ऑफिसरचा चाकू काढला, १२ जून १८९७ ला नोंदवला, पण ऑफिसरांनी तो पदरच्या पैशाने घ्यायचा होता. लाल चाकू हा त्याचा वंशज. सैनिकाचा १९६१ पासून २००८ पर्यंतचा चाकू ॲल्युमिनियमच्या खरखरीत चंदेरी मुठीचा होता, आणि त्याच्या मुळाशी वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, ६२, ७८ असे. तो चंदेरी चाकू चोर बाजारात लाल चाकूंच्या ढिगाखाली पडलेला असतो, कारण गिऱ्हाइकाला लाल हवा असतो. शांतपणे घ्यायचा आणि निघायचं.

लाल चाकूतही वय सापडतं. १९०९ मध्ये एल्सेनरची आई वारली तेव्हा त्याने तिच्या नावावरून ब्रँड केला व्हिक्टोरिया, आणि १९२१ मध्ये त्यांच्या चाकूंत स्टेनलेस आलं तेव्हा फ्रेंच शब्दातला इनॉक्स त्याला जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स. तेव्हा नुसतं व्हिक्टोरिया असेल तर मला फोन करा, खरंच करा. वेंगर लिहिलं असेल तर तोही अस्सल, सैन्याला माल देणारी ती दुसरी स्विस कंपनी, २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली आणि काही वर्षांनी वेंगर नावाचे चाकू बंद केले. ढालीतल्या क्रॉससारखं काहीतरी चिकटवलेले नकली तर फोर्टच्या फुटपाथवर ढिगाने मिळतात, क्रॉस नखाने निघतो.

या मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही आणि ती म्हणजे चाकू उघडून बघा. म्हणजे सगळं फोटो बघून, मुकुट बघून, नंबर बघून. अरे तो उघडा तर. नखाच्या खाचेत नख घालून पातं हळू उचला, चांगला चाकू आधी थोडा विरोध करतो, अर्ध्यावर काही नमुने टक् करून थांबतात, आणि शेवटी पाठीची स्प्रिंग त्याला खटकन जागेवर बसवते. त्या आवाजासाठी मी पहाटे पाचला उठतो. मग पातं बोटात धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, हललं तर पिन सैल. पाठीवरून बोट फिरवा, पातं उघडं असो वा बंद, स्प्रिंग आणि कडा एका पातळीत लागली तर बनवणाऱ्याने कानशीने तासलेलं आहे, जीव ओतून. पिना पितळेच्या, डोकं इतकं सपाट की दिसूच नये. आणि पातं किती झिजलंय ते बघा, सायकलवरच्या धारवाल्याने पाच-पन्नास वेळा दगड फिरवला असेल तर पातं मुळाशी रुंद आणि पुढे सुळसुळीत निमुळतं झालेलं असतं, बंद केल्यावर मुठीच्या आत खोल बसतं किंवा टोक बाहेर येतं. भरलेलं पातं, न हललेली पिन, मूळचा छाप, मूळची मूठ, किंमत यावर ठरते. ठेवताना चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं.

कायद्याची अडचण नाही म्हणे. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची अट आहे आणि खिशातले चाकू त्यात बसत नाहीत हे खरं, पण मुंबईत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदीचे आदेश निघत असतात, त्यात हत्यार घेऊन फिरणं येतं, आणि मेट्रोच्या स्कॅनरवर उभ्या असलेल्या माणसाला व्हिक्टोरियाची अक्षरं वाचायला वेळ नसतो. घरात ठेवा.

राहिले पाच लाख आणि भाऊकाका.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आजोबा गोदीत कामाला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांत पडल्या हे सगळ्यांना माहीत आहे, तर आमच्या आजोबांच्या पायाशी म्हणे चाकू येऊन पडला. लोकांना सोनं, आम्हाला चाकू, यावर दर गणपतीला हसून होतं. मेसेज आल्यावर काकांनी तो कुरियरने नाही, स्वतः डोंबिवलीहून ट्रेनने आणून दिला, पेपरात गुंडाळून (कलम ३७ त्यांना नंतर सांगितलं). काळी चौकडीची मूठ, एका टोकाला कडी, एक जाड पातं, डबा उघडायचं हत्यार, आणि पाठीवर दाभणासारखी जाड सळई, दोरखंडाच्या गाठी सोडवायची. ब्रिटिश लष्कराचा चाकू, शंकाच नाही. मुळाशी खडू चोळला. कावळ्याच्या पायासारखा बाण उठला, ती सरकारी मालाची खूण. आणि त्याच्याजवळ १९४५.

काकांना फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे पण स्फोट तर चव्वेचाळीसला." म्हटलं हो काका. "मग बाबांना मिळाला कुठून?" म्हटलं लढाई संपल्यावर लष्कराचा किती माल लिलावात आणि भंगारात निघाला, कदाचित तुमच्या वडिलांनी माझ्यासारखाच शुक्रवारी उकिडवं बसून घेतला असेल. किमतीचं विचारलं त्यांनी, मी खरा आकडा सांगितला, असे चाकू लाखोंनी बनलेत, पाच लाखांतली शून्यं काढत जा, तीन काढली तरी घेणारा शोधावा लागेल.

त्यावर ते म्हणाले, "जाऊ दे. पण आई सांगायची, कंडेन्स्ड मिल्कचा डबा ते यानेच फोडायचे, मी लहान असताना." मी चाकू परत उघडून बघितला. पातं जवळजवळ कोरं आहे, कारखान्यातून आलं तसं. डबा उघडायच्या हत्याराचं टोक मात्र झिजून गोल झालंय. सध्या माझ्याकडेच आहे, तेल लावून जुन्या बनियनच्या तुकड्यात. दिवाळीला काकांना परत करायचाय, बाणाच्या खुणेतली खडूची पूड तेवढी अजून काढली नाहीये.